डावरा लिंडमार आणि त्याचं पुसलेलं तोंड

११ मार्च

जोरिंडेने सांगितलंय, कागद चाळताना वडिलांविषयी जे आठवेल ते लिहून ठेवा, संग्रहाला उपयोगी पडेल. म्हणून ही वही. पण पहिल्याच पानावर कळून चुकलंय की यातलं एक अक्षरही संग्रहाला द्यायच्या लायकीचं होणार नाही.

माझ्या बापाने, ओडिलोन लोटेन्सने, पश्चिम फ्लँडर्समधल्या निम्म्या चर्चांचे संत रंगवले. स्वतः प्रार्थनेसाठी म्हणून चर्चमध्ये गेला तो दोनदाच, बाप्तिस्म्याला आणि प्रेतपेटीतून. दोन्ही वेळा उचलून न्यावं लागलं. देवाविषयी तो एवढंच म्हणायचा, "गिऱ्हाईक चांगलं आहे. काम बघायला स्वतः कधी येत नाही."

आता आमच्या लिंडकेर्कच्या चर्चमधली संत लिंडमारची रंगीत काचांची खिडकी दुरुस्तीसाठी उतरवली आहे. शिशाच्या पट्ट्या वाकून काचा पोट काढून उभ्या होत्या. खिडकी परत बसवायची ती चित्रकाराच्या मूळ आराखड्याप्रमाणे, असा सरकारी नियम. आणि मूळ आराखडे माझ्या माळ्यावर, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खाली. जोरिंडे ही जिल्ह्याच्या संग्रहातली मुलगी. पांढरे हातमोजे घालून आली आणि माझी कॉफी टेबलावरून उचलून थेट दुसऱ्या खोलीत ठेवून आली. माझ्याच घरात!

लिहिताना नेहमीप्रमाणे डाव्या हाताची करंगळीची बाजू शाईने काळी झाली. पंचाहत्तरीला आले तरी ते सुटलेलं नाही.

१४ मार्च

सकाळभर संत चाळले. एकाच मारियाच्या सतरा हनुवट्या. ख्रिस्ताचे पाय, नुसतेच पाय, त्यातला एक स्पष्टपणे आमच्या पोस्टमनचा, अंगठ्याचा गोळा तोच. गाढवं मात्र अप्रतिम. बेथलेहेमच्या गोठ्यातली बापाची गाढवं त्याच्या संतांपेक्षा कितीतरी भाविक दिसतात. मी तसं म्हटलं तर जोरिंडे गंभीरपणे म्हणाली, "लोटेन्सबाई, हे निरीक्षण लिहून ठेवा."

जन्मभर लोकांचे केस कापले मी. संतांच्या केसांबद्दल विचार, सांगीन. बापाला केस काढता यायचे, कान यायचे नाहीत. म्हणून सगळ्या प्रेषितांचे केस लांब.

एक फालतू कागदही निघाला. लहान मुलाचा गुबगुबीत डावा हात, मनगटात बांगडीसारखं काहीतरी जाड आणि करंगळीखाली काळा डाग. बापाचा कोळसा पुसला गेला असणार. कोपऱ्यात काही खरडलंय. मी म्हटलं, फेकून दे. जोरिंडे काहीच फेकत नाही. तिने त्यावर 'देवदूत, अपूर्ण' असं लिहून फोल्डरमध्ये घातलं. देवदूत बांगड्या घालतात हे मला नवीनच.

२० मार्च

आज संत लिंडमारचा फोल्डर उघडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (कोणासाठी लिहितेय मी? बरं, जोरिंडेसाठी): आमचा लिंडमार म्हणजे बांध घालून गावाला समुद्रापासून वाचवणारा साधू. खिडकीत त्याच्या उजव्या हातात फावडं आहे आणि तो डाव्या हाताने आशीर्वाद देतो. आशीर्वाद देणारा डावरा संत जगात दुसरा नसेल.

फोल्डरमध्ये लिंडमार बावीस वेळा आहे. कोळशात, रंगात, छोटा, मोठा. पूर्ण मापाचा गुंडाळलेला आराखडा तर जमिनीवर पसरल्यावर बाथरूमपर्यंत गेला. आणि झाडून सगळीकडे फावडं डाव्या हातात, आशीर्वाद उजव्याने.

जोरिंडे म्हणाली, "म्हणजे खिडकी..."

मी एक रंगीत चित्र उचललं आणि दिवाणखान्यातल्या आरशासमोर धरलं. आयुष्यभर मी माणसांना आरशातच पाहिलंय. भांग डावीकडचा उजवीकडे, हात डावा. आरशात आमच्या चर्चची खिडकी उभी होती.

"उलटी बसवलीय," जोरिंडे हळूच म्हणाली. "बाहेरची बाजू आत."

मी तिला जायला सांगितलं. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

२१ मार्च

लिहूनच टाकते.

मी सिस्टरांच्या शाळेत होते. सिस्टर आडेलगोंडे रोज सकाळी माझा डावा हात लोकरीच्या जुन्या पायमोज्याने खुर्चीच्या पाठीला बांधायची. डावा हात सैतानाचा, शिवाय वही काळी होते. घरी मी कोणाला सांगितलं नाही. आई सिस्टरांच्या बाजूची, आणि बापाचं माझ्याकडे लक्ष कधी होतं? जेवताना मी बाही तळव्यापर्यंत ओढून बसायची. बाप माझ्याकडे बघायचा तो गाढवाकडे बघावं तसा, डोळे बारीक करून, एक शब्द न बोलता, आणि मग उठून कामाला जायचा.

मग खिडकीचं उद्घाटन झालं. पडदा खाली आला आणि लिंडमारचा डावा हात वर. ब्रुगेहून आलेले मोठे पाद्री म्हणाले, "लोटेन्समहाशय, हा हात डावा दिसतो."

बाप टोपी हातात घेऊन म्हणाला, "डावाच आहे. माझा संत डावरा आहे. कोणाला बांधायचा असेल तर शिडी आणा."

सिस्टर आडेलगोंडे पहिल्याच बाकावर होती. सोमवारी पायमोजा दिसला नाही. परत कधीच दिसला नाही.

बापाने माझ्यासाठी आयुष्यात केलेली ती एकच गोष्ट. बाकी काय केलं त्याने? माझा वाढदिवस विसरला, लग्नाला उशिरा आला, दुकान उघडलं तेव्हा म्हणाला, "केस काय, परत वाढतात." मी त्याला सगळं माफ केलं होतं, त्या एका शिडीवर. आणि आता कळतंय की काचवाल्या फ्लोरेंटने तावदानं उलटी बसवली आणि बापाने वेळ मारून नेली. माझ्यासाठी नव्हतंच ते. स्वतःचं नाक वाचवत होता.

मला फार राग आलाय. मेलेल्या माणसावर ओरडताही येत नाही.

२ एप्रिल

बातमी गावभर झाली. फोल्डर पाहिलेले आम्ही दोघीच, आणि जोरिंडे तोंड उघडत नाही. म्हणजे मीच सांगितलं असणार, बहुधा दातांच्या डॉक्टरकडे.

गास्पार आला. चर्चसमोरचा 'डावा हात' गुत्ता त्याचा, आधी त्याच्या बापाचा. शिवाय तिरंदाज मंडळाचा तो अध्यक्ष. सप्टेंबरातला आमचा 'डावा रविवार' म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं गाव सगळं डाव्या हाताने करतं. हस्तांदोलन डावं, बिअर डावी, तीर्थ डावं. तिरंदाज डाव्याने बाण मारतात, आणि त्या दिवशी शहाणी माणसं गाडी पुढच्या गावात लावून येतात. हॉलंडहून डावखुऱ्यांच्या बसेस येतात. हे सगळं उभं आहे ते एका प्रवचनावर. उद्घाटनानंतर महिन्याभराने आमच्या तेव्हाच्या पाद्र्याने सांगितलं की लिंडमार फावडं कधीच खाली ठेवायचा नाही, म्हणून आशीर्वाद डाव्याने. मी स्वतः ऐकलंय ते प्रवचन. त्याच्या आधी ही गोष्ट गावात कोणालाही माहीत नव्हती.

"लुडविना," गास्पार म्हणाला, "तुझ्याकडे शेगडी आहे ना?"

"आहे. का रे?"

"कागद चांगले पेटतात, एवढंच सांगतोय मी."

"गास्पार, त्यांच्यावर नंबर पडलेत. ती पोरगी गाढवंसुद्धा मोजून गेलीय."

तो मटकन बसला. "उजवा केला ना त्याला, तर गाव हसून मरेल. आणि मी बोर्डावर काय लिहू, 'चुकून डावा'?" मग दोन घोट घेऊन म्हणाला, "तुझा बाप होताच विचित्र. पाऊस आला की हमखास आमच्याकडे. पण आत येईल तर शपथ! ग्लास घेऊन बाहेर ओट्यावर उभा, चिंब भिजत, चर्चकडे तोंड करून. माझा बाप हाका मारून दमायचा."

हे मला माहीत आहे. पाऊस पडला की तो छत्री न घेता निघायचा आणि आई म्हणायची, "निघाला प्यायला." पिण्यासाठी निमित्त लागतंच, पाऊस तर पाऊस.

२४ एप्रिल

जोरिंडेने काचेच्या कारखान्यात नेलं. लिंडमार तीन तावदानांत टेबलावर झोपला होता. डोकं आणि हात एकात, धड एकात, पाय एकात. खालची नावाची पट्टी वेगळी. इतक्या जवळून त्याला पहिल्यांदाच पाहिला आणि बघते तर त्याला तोंडच नाही. नाकाची एक पुसट रेघ, बस्स. खालून आम्हाला वाटायचं, संत आहे, तेजामुळे दिसत नसेल.

"काचेवरचा चेहरा रंगाने काढून भट्टीत भाजतात," जोरिंडे म्हणाली. "ती बाजू नेहमी आत ठेवतात. ही बाहेर होती. इतक्या वर्षांचा पाऊस थेट चेहऱ्यावर. हे काचकामातलं पहिलं अक्षर आहे, कोणीही शहाणा चित्रकार असं होऊ देणार नाही."

"म्हणजे प्यायलेला होता."

"कोण?"

"दोघंही."

मग तिने तोंडाचा कागदावरचा मूळ नमुना दाखवला, रंगीत, हाताएवढा. मी तो फोल्डरमध्ये नीट पाहिलाच नव्हता, हाताच्या भानगडीत. बापाने इतकं चांगलं तोंड दुसरं कधी काढलं नाही. थकलेला, चिखलाने माखलेला, थोडा वैतागलेला माणूस, आणि तरी तुमच्याकडे असा बघतोय की आपण त्याला सगळं सांगून टाकावं. हा माणूस कागदावर कोणाचं बोट लागलं तर आठवडाभर बोलायचा नाही. आपलं सगळ्यात चांगलं काम त्याने भिंतीच्या चुकीच्या बाजूला पावसात ठेवलं आणि फ्लोरेंटला एक शिवीसुद्धा दिली नाही. मला समजत नाही. नसेल समजत.

९ मे

चर्च कमिटीची बैठक, गास्पारच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत, कारण चर्चमध्ये थंडी.

फादर प्लासिड अध्यक्ष. ते काँगोचे, आमच्याकडे येऊन सहा हिवाळे झाले, आणि आमच्याहून त्यांचं फ्लेमिश बरं. ते म्हणाले, "मी आलो तेव्हा मला सांगण्यात आलं, इथला संत डावरा. मी म्हटलं, ठीक आहे. आमच्याकडे याहून अवघड संत आहेत."

जोरिंडेने नियम वाचला. चित्रकाराचा हेतू जो कागदावर दिसतो, त्याप्रमाणे खिडकी बसणार. कागदावर उजवा आहे. उलट सांगणारा एक तरी कागद असेल तर दाखवा.

"संताच्या बोटाचा अवशेष आहे ना आपल्याकडे वेदीत?" गास्पार म्हणाला. "ते तपासा! डाव्या हाताचं निघालं तर?"

"गास्पार," फादर म्हणाले, "ते मी एकदा पुसायला काढलं होतं. ते बोट आहे का, इथपासून सुरुवात करावी लागेल."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. चित्रकाराची मुलगी. मी उभी राहिले आणि म्हटलं, "उजवा करा. चूक ती चूक. माझ्या बापाने ती आपली म्हणून खपवली आणि तुम्ही साठ-सत्तर वर्षं तिच्यावर बिअर पीत आलात. बस्स झालं."

गास्पारने माझ्या बिअरचे पैसे घेतले, हे पहिल्यांदाच.

१० मे

झोप नाही. पाऊस.

२८ मे

जोरिंडेचा फोन. आवाज चढलेला, ही मुलगी एरवी कागदाला दुखू नये अशा बेताने बोलते.

"लोटेन्सबाई, ती चूक नाहीये."

"काय चूक नाही?"

"तावदानं. आमच्या लोकांनी ती सुलट करून चौकटीत लावून पाहिली, बसतच नाहीत. दगडाची चौकट एका बाजूला थोडी तिरकी आहे. तावदानं आधी सुलटी बसतील अशीच बनवली होती. मग कोणीतरी तिन्ही तावदानांच्या कडा सोडवून, तासून, नव्या पट्ट्या लावून ती उलटी बसतील अशी करून घेतलीत. फार काळजीने. आणि नावाची पट्टी तेवढी सुलटी ठेवली. चुकीला एवढी अक्कल नसते हो. हे मुद्दाम केलंय. फक्त का केलं, ते कागदावर हवं. तुम्ही एकदा येऊन परत बघाल का?"

मी म्हटलं, बघते. फोन ठेवून कॉफी केली आणि प्यायचीच राहिली. मुद्दाम. चेहरा पावसाकडे, मुद्दाम.

२९ मे

सापडला. मी फेकायला सांगितलेला.

'देवदूत, अपूर्ण'. जोरिंडेने तो माझ्यासमोर ठेवला आणि मी चष्मा लावला. ती बांगडी नाहीच. ते वळ आहेत, लोकरीच्या विणीचे. मोजा काढल्यावर तासभर तसेच राहायचे, एकेक टाका मोजता यायचा. आणि करंगळीखाली काळं झालंय तो कोळसा सांडलेला नाही, ती शाई आहे, त्याने नीट बघून काढलेली. माझी शाई, घरी चोरून डाव्याने लिहायची त्याची. माझा हात आहे तो.

मी बाही ओढून बसायची आणि तो डोळे बारीक करून बघायचा.

कोपऱ्यातली खरड म्हणजे लिंडमार, घाईने काढलेला. आशीर्वाद डाव्याने. बाजूला बाण, गोल फिरवलेला, तावदान उलटवायचं कसं ते फ्लोरेंटला दाखवायला. बाप प्रत्येक कागदावर तारीख घालायचा. ही उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यातली. तोंड तोवर काचेवर भाजून तयार होतं. नवीन करायला वेळ नव्हता. उलटवायलाच होता.

त्याला माहीत होतं पाऊस काय करणार ते. दुसऱ्या कोणाला नसेल, त्याला होतं. म्हणून तो ओट्यावर उभा राहायचा. तोंड जाताना बघायला. आणि मी जन्मभर म्हणत आले, प्यायला जायचा.

जोरिंडे हातमोजे काढून बसली होती. मी रडले आणि तिने मला कॉफी आणून दिली, टेबलावर, कागदांच्या शेजारी.

२० जून

कमिटीने डावा राखला. सरकारनेही मान्य केलं. मी बैठकीत कागद दाखवला आणि एवढंच म्हटलं की मागच्या वेळी मी मूर्खासारखी बोलले. फादर प्लासिड म्हणाले, "ही या कमिटीतली पहिली कबुली." गास्पारने माझ्या मागच्या बिअरचे पैसेही परत केले, तो आयुष्यात एवढा उदार झाला नव्हता.

एकच प्रश्न उरलाय. बाहेरून आता संरक्षक काच बसणार, पाऊस लागणार नाही. तेव्हा मूळ नमुन्यावरून तोंड परत काढायचं का? कारखान्यात एक बाई आहे, हुबेहूब काढते म्हणे. विचार करायला दोन दिवस दिलेत.

२१ जून

दोन दिवस नकोत. नाही म्हणून कळवलं. बाबांनी ते तोंड देऊन टाकलं होतं. कशासाठी, ते त्यांना माहीत होतं आणि आता मलाही आहे. दिलेली वस्तू परत आणून लावत नाहीत. ज्याला तोंड बघायचं असेल त्याने संग्रहात जावं, गाढवांच्या शेजारी ठेवलंय.

७ सप्टेंबर, डावा रविवार

चर्च भरलेलं. हॉलंडच्या दोन बसेस. गास्पारच्या तिरंदाजांनी सकाळीच बेकरीची पाटी फोडली, म्हणजे सगळं नेहमीसारखं.

पडदा मी ओढायचा असं ठरलं होतं. डाव्या हाताने, अर्थातच. लिंडमार वर आला, फावडं उजव्या हातात, आशीर्वाद डाव्याने, तोंड नाही. ऊन मागून आलं आणि तोंडाच्या जागेतून थेट माझ्या डोळ्यांत.

फादर म्हणाले, "लुडविनाबाई, वडिलांविषयी दोन शब्द."

मी पाठ करून आले होते. पायमोजा, वळ, भट्टी, पाऊस, सगळं क्रमाने. तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं उडालं. सगळं गाव वाट बघतंय. शेवटी एवढंच बाहेर पडलं:

"कोणाला बांधायचा असेल तर शिडी आणा."

आधी म्हातारे हसले, ज्यांना ते आठवत होतं. मग सगळेच. मी रडत होते, पण ते हसण्यात खपून गेलं.

नंतर दारात उभी राहिले. गावच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकेक करून माझा डावा हात हातात घेतला, हॉलंडच्या बसवाल्यांनीसुद्धा. लांबच लांब रांग होती.

आता मनगट दुखतंय. दुखू दे.